तारीख कुणाची, पाणी कुणाचं

 

मे संपत आला की आमच्या ग्रामसंघाच्या मोबाइलवर दरवर्षी एक निरोप येतो. 5 जूनला वृक्षारोपण, प्रत्येक गटानं दहा रोपं लावावीत, फोटो त्याच दिवशी पाठवावेत. आम्हीही हौशीच्या. एकसारख्या साड्या नेसतो, खड्ड्याभोवती रांगोळी काढतो. फोटोत रोप एक आणि त्याला धरलेले हात बारा. तीन वर्षांपूर्वी शाळेच्या कुंपणालगत खड्डा घ्यायला गेलो तर कुदळीला काळी पिशवी लागली. रोपवाटिकेची पिशवी. आदल्या वर्षीचं रोप कुणीतरी पिशवी न काढताच पुरलं होतं. आमच्यातल्या एक काकू वाकून बघत म्हणाल्या, "अगं बाई, हे तर मीच लावलं होतं!" आधी सगळ्या हसलो. मग गप्प झालो.

त्या दिवसानंतर आमच्या मनानं घेतलं की हे दिवस आले कुठून ते बघायचं. बैठकीत हप्ते जमा झाले, इतिवृत्त लिहून झालं की उरलेल्या वेळात आम्ही हाच इतिहास वाचत गेलो. त्यातलं आम्हाला जे भावलं ते आज सांगतो.

आपल्या देशात रोप लावण्याचा सण एका शाळेत सुरू झाला. बंगालमध्ये शांतिनिकेतन नावाचं ठिकाण आहे, रवींद्रनाथ ठाकुरांनी उभं केलेलं. लाल मुरमाड माळ, उन्हाळ्यात डोळे दिपवणारा. 1928 च्या जुलैत तिथं पहिला वृक्षारोपणाचा उत्सव झाला. रोप हातात धरून नेलं नाही, सजवलेल्या पालखीत बसवून वाजतगाजत नेलं. पोरीबाळी गाणी म्हणत पुढं. पाच मुलं पंचमहाभूतं झाली, पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश, आणि त्यांनी रोपाला जगवण्याची ग्वाही दिली. त्याच पावसाळ्यात शेजारच्या श्रीनिकेतनात नांगरणीचा उत्सव झाला आणि म्हाताऱ्या कवीनं स्वतः नांगराला हात लावला. आपल्याकडं नवरीची वरात असते, पंढरीची पालखी असते, त्या मानानं रोपाला नेलं हे ऐकून आमच्या बायका खूश झाल्या. पण एकीनं बरोबर नेमकं हेरलं. ती म्हणाली, "जुलैत लावलं ना? म्हणजे पाऊस होता."

त्या उत्सवासाठी रवींद्रनाथांनी 'बलाई' नावाची गोष्ट लिहिली होती. बलाई हा आईविना वाढलेला पोर, काका-काकूंकडं राहणारा. बागेच्या वाटेत मधोमध काटेसावरीचं रोप उगवतं आणि त्याचा त्यावर जीव जडतो. काकाला ते उपटायचं असतं, काकू मध्ये पडून वाचवते. पुढं पोर शिकायला दूर जातं आणि परदेशी जाण्याआधी काकूला पत्र लिहितं, माझ्या झाडाचा एक फोटो पाठव. काकू फोटो काढणाऱ्याला बोलवायला सांगते. तेव्हा कळतं की काकानं झाड केव्हाच तोडून टाकलंय. काकू दोन दिवस जेवत नाही. गोष्ट वाचून झाली तेव्हा आमच्या खोलीत कुणी काही बोललं नाही. आम्हाला आमचे फोटो आठवत होते. फोटो आहेत, झाडं नाहीत.

स्वातंत्र्यानंतर 1950 साली तेव्हाचे केंद्रीय अन्न व शेती मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी देशभर वनमहोत्सव सुरू केला. तोही जुलैच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे ज्यानं तारीख धरली त्यानं आभाळाकडं बघून धरली होती.

आता अमेरिकेकडं जाऊ, कारण महाविद्यालयांतून साजरा होणारा 22 एप्रिलचा वसुंधरा दिन तिथला. 1969 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या समुद्रात तेलाची विहीर फुटली. काळं तेल किनाऱ्याला लागलं, पक्षी त्यात माखून मेले. गेलॉर्ड नेल्सन नावाचे एक सिनेटर ते बघून आले. त्या काळी तिथली मुलं व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध महाविद्यालयांत एक वेगळा कार्यक्रम करत. शिक्षक, विद्यार्थी, गावकरी एकत्र बसून प्रश्नाची चर्चा. नेल्सनना वाटलं, हेच हवा-पाण्यासाठी का करू नये? त्यांनी डेनिस हेज नावाच्या पंचवीस वर्षांच्या तरुणाला कामाला लावलं. 22 एप्रिल का, तर सुट्ट्या संपलेल्या आणि परीक्षा सुरू व्हायच्या, अशी ती मधली वेळ होती. मुलं हजर राहावीत म्हणून मुलांच्या सोयीची तारीख. झाडं लावणं हा तिथं मुख्य हेतू नव्हताच, प्रश्न विचारणं हा होता, म्हणून ती तारीख त्यांना लागू पडली.

1970 च्या त्या दिवशी सुमारे दोन कोटी माणसं बाहेर पडली असं सांगतात. वरून हुकूम नव्हता. ज्या गावाला जे खुपत होतं त्यावर त्या गावानं बोलायचं. कुणी नदीच्या घाणीवर बोललं, कुणी गिरणीच्या धुरावर. न्यूयॉर्कमध्ये मोठा रस्ता गाड्यांना बंद करून माणसांना मोकळा केला.

सगळंच शहाणपणाचं नव्हतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत सॅन होजे इथल्या महाविद्यालयात मुलांनी वर्गणी काढून नवी कोरी मोटार विकत घेतली आणि धुराचा निषेध म्हणून आवारात खड्डा खणून पुरली! तिथल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेनं निषेध केला. एवढा पैसा गरिबांच्या कामी आला असता, असं त्यांचं म्हणणं. हे वाचताना आमची मतं फुटली. तरुण मुली म्हणाल्या, त्यामुळंच तर बातमी झाली. आम्ही बाकीच्या मात्र काळ्या मुलांच्या बाजूच्या. ज्यांनी वर्गणीचा एकेक रुपया मोजलाय त्यांना नवी वस्तू मातीत घालवणं पटायचं नाही.

पण तो दिवस फुकट गेला नाही, कारण दुसऱ्या दिवशी माणसं घरी जाऊन झोपली नाहीत. दिवस भरवणाऱ्या मुलांनी निसर्गाच्या विरोधात मतदान करणारे बारा खासदार हुडकले, त्यांची नावं गावोगाव सांगितली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांतले सात पडले. त्याच वर्षअखेर स्वच्छ हवेचा कडक कायदा आला आणि पर्यावरणासाठी वेगळं सरकारी खातं उभं राहिलं. एप्रिलचं बोलणं डिसेंबरपर्यंत लावून धरलं तेव्हा ते झालं.

आपला 5 जून मात्र ना शाळेचा, ना पावसाचा. 1972 साली स्वीडनच्या स्टॉकहोम शहरात संयुक्त राष्ट्रांची पर्यावरणाची परिषद 5 जूनला सुरू झाली, तिची आठवण म्हणून तो जागतिक पर्यावरण दिन. इंदिरा गांधी त्या परिषदेला गेल्या होत्या आणि गरिबीचा प्रश्न बाजूला ठेवून निसर्ग वाचणार नाही, हे त्यांनी तिथं ठणकावून मांडलं. परिषद मोठी, दिवसही मोठा. फक्त स्वीडनमध्ये बसून तारीख ठरवणाऱ्यांना आपला मृग कसा ठाऊक असणार? मृग लागतो 7-8 जूनला आणि लागला तरी सर येईलच असं नाही. आमच्या माळावर 5 जूनला माती तव्यासारखी असते. त्यात लावलेलं रोप चार दिवसांत माना टाकतं.

आणि असंच 5 जूनला लावलेल्या सात झाडांची गोष्ट आम्हाला सगळ्यांत जवळची वाटली. ती आफ्रिकेतल्या केनियाची.

वांगारी मथाई या तिथल्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या लेकीनं अमेरिकेत शिक्षण घेतलं, नैरोबीच्या विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि तिथंच शिकवू लागल्या. लहानपणी त्यांच्या घराजवळ एक मोठं अंजिराच्या जातीचं झाड होतं. आई सांगायची, त्याचं सरपण आणायचं नाही, ते देवाचं झाड आहे. त्याच्या आसपास झरा होता, त्यात बेडकांची पिल्लं खेळायची. शिकून परत आल्या तर झाड तोडलेलं आणि झराही आटलेला. आपल्याकडं उंबर तोडू नये म्हणतात, उंबराखाली पाणी असतं म्हणतात. अंजीर, उंबर, वड ही एकाच कुळीतली झाडं. हे सांगितलं तेव्हा आमच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "मग आम्ही काय वेगळं सांगत होतो?"

महिला परिषदेच्या कामात वांगारीबाईंनी खेड्यातल्या बायकांची गाऱ्हाणी ऐकली. सरपण मिळत नाही, पाणी घाण, पोरं अशक्त. सरपण नाही म्हणून पटकन शिजेल ते कमी कसाचं अन्न रांधायचं आणि म्हणून पोरं अशक्त, अशी ती साखळी. त्या म्हणाल्या, मग झाडंच लावू. 1977 च्या 5 जूनला नैरोबीत मिरवणूक काढून कामुकुंजी बागेत सात झाडं लावली. ग्रीन बेल्ट, म्हणजे हिरवा पट्टा, या चळवळीची ती सुरुवात.

त्या सातांतली बहुतेक झाडं पुढं मेली. नैरोबीकडचा मोठा पाऊस मार्च ते मे, म्हणजे जूनमध्ये तिकडं पाऊस ओसरलेला असतो. शिवाय समारंभाला जमलेली माणसं आपापल्या घरी गेल्यावर त्या बागेत पाणी घालणार कोण? आमच्या पिशवीतल्या रोपाची बहीणच म्हणायची.

वांगारीबाई तिथं थांबल्या नाहीत. त्यांनी वनखात्याच्या साहेबाला सांगितलं, माणसागणिक एक झाड, म्हणजे दीड कोटी झाडं लावायचीत. साहेब हसले आणि म्हणाले, हवी तेवढी रोपं फुकट न्या. वर्षाच्या आत त्यांना शब्द मागं घ्यावा लागला, कारण बायका खरंच नेऊ लागल्या. मग बायकांनी स्वतःची रोपवाटिका करायचं ठरवलं. शिकवायला खात्याची माणसं आली. जमिनीचा उतार, उन्हाची दिशा, वाफ्याची खोली, सगळं इतकं अवघड करून सांगितलं की बायका घाबरल्या. वांगारीबाई म्हणाल्या, तुम्ही मका पेरता, घेवडा पेरता, तसंच बी पेरा. बायकांनी फुटकी मडकी, जुने डबे घेतले, झाडांखालचं बी गोळा केलं आणि रोपं उगवून दाखवली. पुढं त्यांना बिनपदवीचे वनाधिकारी म्हणू लागले.

आम्हाला खरा धडा मिळाला तो त्यांच्या हिशोबातून. बायकांना पैसे मिळायचे, थोडेच, झाडामागं चार अमेरिकी सेंट. पण ते रोप लावल्याबद्दल नव्हे. लावलेलं रोप काही महिने टिकलंय हे मोजून झालं की मग पैसे. त्यामुळं रोप देणारी बाई ज्याला रोप दिलं त्याच्या घरी पुन्हापुन्हा चक्कर मारायची, पाणी घातलंस का, शेळीनं खाल्लं का. असं करत करत 2004 सालापर्यंत तीन कोटी झाडं लावून झाली आणि त्याच वर्षी वांगारीबाईंना शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. मधल्या काळात सरकारशी भांडणंही झाली. 1989 मध्ये नैरोबीच्या मोठ्या बागेत साठ मजली इमारत उठणार होती, ती त्यांनी अडवली. त्यासाठी भर संसदेत त्यांची टवाळी झाली. बाईमाणसानं फार बोलू नये, हे तिकडंही ऐकावं लागतं.

हे वाचल्यावर आमच्या चार गटांनी मिळून मागच्या वर्षी थोडं वेगळं केलं. 5 जूनला फक्त खड्डे घेतले, शेणखत आणि पाला घातला, आळी केली. फोटो पाठवला तो खड्ड्यांचाच. तिकडून उत्तर आलं, रोपं दिसत नाहीत. आम्ही लिहिलं, पाऊसही दिसत नाही. पुन्हा विचारणा आली, पुन्हा तेच उत्तर दिलं. रागावलेही असतील. दोन चांगल्या सरी झाल्यावर, जमीन वीतभर ओली बघून, चाळीस रोपं लावली. करंज, कडुनिंब, चिंच, आवळा आणि एक उंबर. गुलमोहर यावेळी मुद्दाम नाही घेतला. पिशव्या काढून, मोजून एका जागी ठेवल्या. चाळीस पिशव्या हातात आल्यावरच घरी गेलो.

बैठकीला उशीर झाला की दंड घेतो, त्या दंडाच्या पैशातून ठरवलं, संक्रांतीला जे रोप जिवंत असेल त्यामागं दहा रुपये, ज्या बाईनं सांभाळलं तिला. भांडणं झाली. कुणाच्या वाट्याला नळाजवळचं रोप आलं, कुणाच्या वाट्याला माळावरचं, मग दोघींना दहाच का? तो वाद बरोबर होता. माळावरच्याला पंधरा केले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटून झालं आणि आम्ही वही घेऊन फिरलो. सव्वीस जिवंत, नऊ मेलेली, पाच शेळ्यांनी खाल्लेली. शेळ्यांतली तीन आमच्याच अध्यक्षताईंची निघाली. त्यांनी दंड भरला. पिशवीवाल्या काकूंचा करंज त्यांच्या गुडघ्याइतका झालाय. भांडी धुतलेलं पाणी त्या अजून रोज तिकडंच नेऊन ओततात.