उरल्या चार

पेशीतला डीएनए रोज हजारो ठिकाणी बिघडतो. ऊन, प्राणवायू, इतकंच काय, साधं पाणीसुद्धा त्याला बिघडवायला पुरतं. आणि पेशी तो रोज दुरुस्त करत बसते. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली, तेव्हा मात्र हा दुरुस्तीचा विषय त्यांच्या डोक्यातच नव्हता. पुढे १९७४ मध्ये क्रिकने तसं मोकळेपणाने लिहिलंही.

गंमत म्हणजे पुरावे त्याआधीच प्रयोगशाळांत पडून होते. त्यातला मला सर्वांत आवडतो तो एव्हलिन विटकिन यांचा.

तर या बाई न्यूयॉर्कच्या. एनवाययू विद्यापीठात शिकत होत्या. १९४० साली तिथल्या फुटबॉल संघातल्या लेनर्ड बेट्स या कृष्णवर्णीय खेळाडूला मिसूरीविरुद्धच्या सामन्यातून वगळण्यात आलं, कारण समोरच्यांना काळा खेळाडू चालत नव्हता! विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं, आणि विद्यापीठाने त्यातल्या सात जणांना तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. सातांत या होत्या. मग पुढच्या शिक्षणासाठी त्या कोलंबियाला गेल्या, डोब्झान्स्कींकडे. (एनवाययूने या सातांचा सन्मान केला तो २००१ साली. साठ वर्षांनी. असो.)

१९४४ च्या उन्हाळ्यात डोब्झान्स्कींनी त्यांना कोल्ड स्प्रिंग हार्बरला पाठवलं. जिवाणूंवर काम करायचा अनुभव शून्य. काम काय, तर ई. कोलाय जिवाणूंवर अतिनील किरण सोडायचे आणि उत्परिवर्तनं शोधायची. किरणांची मात्रा किती द्यायची याचा अंदाज नव्हता, ती जरा जास्तच झाली. दुसऱ्या दिवशी बशीत उरल्या होत्या फक्त चार वसाहती.

बहुतेकांनी बशी फेकून मात्रा कमी केली असती. बाईंना प्रश्न पडला, हे चार का वाचले? त्यांनी ते वाढवून पुन्हा किरणांखाली धरले, आणि ते खरोखरच जास्त चिवट निघाले. चिवटपणा पुढच्या पिढ्यांतही उतरत होता. जनुक म्हणजे डीएनए हे दाखवणारा एव्हरींचा निबंध त्याच वर्षी आला होता आणि त्यावर फार कुणाचा विश्वास बसला नव्हता, हे लक्षात घ्या.

सूक्ष्मदर्शकाखाली आणखी एक गोष्ट दिसली. मूळच्या जिवाणूंवर किरण पडले की ते वाढत राहत, पण त्यांचं विभाजन होत नसे. सापासारखे लांबच लांब होत आणि मरत. चिवट जात मात्र निमूट दोनाची चार होत राही.

त्याच कोल्ड स्प्रिंग हार्बरला अल्बर्ट केल्नर वेगळ्याच कटकटीत होते. किरणांनी मारलेले जिवाणू कधी थोडे जगत, कधी पुष्कळ. तापमान बदलून पाहिलं, काही जमेना. शेवटी ध्यानात आलं की काही भांड्यांवर साधा उजेड पडत होता! उजेड मिळाला की पेशी सावरत होती. १९४९ साली हे छापून आलं.

विटकिनबाईंच्या डोक्यातून तो साप काही गेला नाही. जिवाणूत झोपलेला विषाणू असेल तर तोही अतिनील किरणांनीच जागा होतो. १९६७ साली त्यांनी मांडलं की या दोन्ही गोष्टींमागे एकच यंत्रणा असावी, एरवी दाबून ठेवलेली आणि डीएनए बिघडला की सुटणारी. मिरोस्लाव्ह राडमनही याच विचारात होते. त्यांनी तिला नाव दिलं एसओएस, बुडत्या जहाजाच्या हाकेवरून.

ही हाक ऐकू कशी जाते? डीएनएची नक्कल करणारं यंत्र बिघाडापाशी अडकतं आणि एकेरी धागा उघडा पडतो. रेक-ए नावाचं प्रथिन त्या धाग्याला जाऊन चिकटतं. त्यामुळे लेक्स-ए नावाचा पहारेकरी स्वतःच तुटतो आणि त्याने दाबून ठेवलेली चाळीसएक जनुकं मोकळी होतात. आधी नीट कापून-जोडून दुरुस्ती. एक प्रथिन विभाजन थांबवतं, 'थांब, आधी घर आवर' म्हणून (तोच तो साप!). आणि काहीच जमलं नाही, तर सगळ्यात शेवटी एक बेफिकीर एन्झाइम येतं. ते बिघाडावरून तसंच पुढे जातं, समोर अक्षर चुकीचं का पडेना.

मला हा भाग वाचून थांबावंसं वाटलं. म्हणजे उत्परिवर्तनं किरण थेट करत नाहीत, बरीचशी पेशीच जीव वाचवताना करते. आणि यात आपल्या घरातलंही काही आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी जिवाणूत हीच हाक उठवते. २००५ साली उंदरांवर प्रयोग झाले, त्यात लेक्स-ए तुटूच शकत नाही असे जिवाणू वापरले होते. त्यांना औषधाला दाद न देणारं रूप घेता आलं नाही.

२०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल डीएनए दुरुस्तीला मिळालं. लिंडाल, मॉड्रिच आणि सँकार. तिघांचंही काम मोठं, वादच नाही. पण यादीत बाई नाहीत हे मला खटकलंच. त्याच वर्षी त्यांना स्टीफन एलेज यांच्यासोबत लास्कर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या ९४ वर्षांच्या होत्या. २०२३ च्या जुलैमध्ये त्या गेल्या, १०२ व्या वर्षी.