कोणते विषय घ्यायचे?

२०२५ साली नातीचा दहावीचा निकाल लागला, त्या दिवशी आमच्या भिवपुरीच्या घरात पेढे आले. आणि दुसऱ्या दिवशी भांडण आले. पेढे संपले तरी भांडण काही संपेना. नातीने जाहीर केले, की अकरावीला विज्ञान शाखा घेणार, पण गणित सोडणार. गणिताच्या जागी एखादा सोपा विषय घेतला म्हणजे टक्के वाढतात, असे तिला मैत्रिणींकडून समजले होते. तिचा बाप म्हणाला, "मुलीला झेपेल ते घेऊ द्या." सूनबाई म्हणाल्या, "गणित सोडून कसं चालेल?" आणि मग घरातल्या सगळ्यांनी, जणू मी निवृत्त न्यायाधीश असावा, तसे माझ्याकडे पाहिले.

मी न्यायाधीश नव्हे. वीजघरात नोकरी करणाऱ्या माणसाचा मुलगा, जन्म गेला तो या घाटाच्या पायथ्याशी. भिवपुरी रोड स्टेशनावर उतरून आमचे वीजघर शोधू पाहणारा पाहुणा नेहमी फसतो. स्टेशन नेरळ आणि कर्जतच्या मध्ये, रुळांच्या कडेला. वीजघर तिथून लांब, सह्याद्रीच्या भिंतीला टेकलेले. वर मावळात ठोकरवाडीचे धरण, तिथून पाणी मोठाल्या नळांतून खाली येते, १९२२ सालापासून मुंबईसाठी वीज करते, आणि काम झाले की राजनाल्याने कर्जत तालुक्याच्या शेतांत जाते. आमच्या नातीला लहानपणापासून या नळांचे वेड. "ते पाणी आत जाऊन नेमकं काय करतं?" हा तिचा प्रश्न पाचव्या वर्षापासूनचा.

म्हणून मी तिला एवढेच विचारले, "बाळ, बारावी झाल्यावर तुला करायचं काय आहे?"

"आजोबा, इंजिनिअरिंग. तुम्हाला ठाऊक आहे की!"

"आणि गणित सोडून इंजिनिअरिंगला घेतात, असं तुला कुणी सांगितलं?"

पोरगी गप्प झाली. कुणीच सांगितले नव्हते, आणि घेत नाहीत, असेही कुणी सांगितले नव्हते. विषय कोणते घ्यावेत हे सांगणारे पुष्कळ होते. त्या विषयांनी पुढचे कोणते दार उघडते आणि कोणते मिटते, हे सांगणारे कुणी नव्हते. आणि हीच गोष्ट आपल्याकडे आज सुमारे पावणेदोनशे वर्षे चालत आली आहे. ती मी त्या रात्री नातीला सांगितली, तीच थोडी नीटनेटकी करून वाचकांपुढे ठेवतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर हे त्या पहिल्या परीक्षेतले. 'मॅट्रिक' या शब्दाचे मूळ लॅटिन, आणि त्याचा अर्थ नावनिशीच्या वहीत नाव दाखल करणे. म्हणजे ही परीक्षा शाळा संपल्याची नव्हतीच. ती विद्यापीठाच्या देवडीवरची होती. आत घ्यायचे की नाही, हे पाहणारी. पण लोकांनी तिला शाळेचा शेवट मानले. मॅट्रिक झाला म्हणजे शिकला, नोकरीला लायक झाला, लग्नाला उभा राहिला! एकाच परीक्षेला दोन तोंडे फुटली: एक मागे शाळेकडे पाहणारे, एक पुढे कॉलेजकडे पाहणारे. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

अटी तर पहिल्यापासूनच. महर्षी कर्वे यांची हकीकत आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकली असेल. १८७५ च्या सुमारास कोकणातल्या मुरूडहून हा मुलगा मराठी सहावीच्या परीक्षेसाठी, भर पावसात सह्याद्री ओलांडून, पायी साताऱ्याला गेला. परीक्षेला बसायला सतरा वर्षे पुरी हवीत, अशी अट होती. वय तेवढे होते. पण अंगाने किरकोळ, म्हणून सतराचा दिसत नाही असे ठरवून अधिकाऱ्यांनी त्याला परत पाठवले. अभ्यास पुरा, वय पुरे, पाय रक्ताळलेले, आणि दार बंद. पुढल्या वर्षी कोल्हापुरास जाऊन तो पास झाला, १८८१ साली मॅट्रिकही झाला. नात म्हणाली, "मी असते तर तिथंच रडले असते." मी म्हटले, तेही रडले असतील; पण दुसऱ्या वर्षी पुन्हा निघाले, हे विसरू नकोस.

दुसरी हकीकत विषयांचीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते फारसी घेऊन. आता त्याच्याशेजारी आमच्या कुलाबा जिल्ह्याचे चिंतामणराव देशमुख ठेवून पाहा. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतातली पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. ही शिष्यवृत्ती संस्कृतातल्या गुणांवर. तेव्हा ज्याला संस्कृताच्या वर्गात बसूच दिले नाही, त्याला ती मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्याची हुशारी मोजण्यापूर्वीच ती वाट बुजवलेली होती. बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकून घेतले हे खरे. पण एका माणसाच्या अलौकिक जिद्दीवर साऱ्या समाजाने समाधान मानावे, हे काही बरे नव्हे.

चिंतामणरावांचे पुढे काय झाले, तेही ऐकण्यासारखे आहे. संस्कृताचा हा मानकरी केंब्रिजला गेला तो वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकायला! १९१७ साली वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळवले, १९१८ साली आय. सी. एस. झाले, आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. म्हणजे विषयाने माणूस जन्माचा बांधला जातो असेही नाही. मात्र वाट बदलायची तर ती बदलता येते, हे सांगणारे कुणीतरी जवळ असावे लागते. त्यांच्या घरी वडील वकील होते. हे एवढे वाक्य मी नातीला दोनदा सांगितले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४८ साली कायदा करून शाळेची अखेरची परीक्षा विद्यापीठाकडून काढून वेगळ्या मंडळाकडे दिली. १९४९ पासून मॅट्रिकची एस. एस. सी. झाली. तिचे मराठी नावच पाहा: शालान्त! देवडीवरची परीक्षा जाऊन तिथे शाळेच्या अंताची परीक्षा आली. ज्याला पुढे कॉलेजात जायचे नाही, शेती, दुकान, कारखाना, घर पाहायचे आहे, त्यालाही उपयोगी असे विषय घेता यावेत, हा त्यातला हेतू चांगलाच होता. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने तर माध्यमिक शाळेत सात गट सुचवले: मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान. ज्याला जे रुचेल ते त्याने घ्यावे. किती उदार कल्पना!

आणि या उदार काळातच माझ्या ताईचे नशीब फिरले.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आठवीत विषय निवडायची वेळ आली तेव्हा वर्गावरच्या गुरुजींनी सांगितले, "मुलींना बीजगणित-भूमिती कशाला? अंकगणित आणि गृहशास्त्र घ्या. मार्क चांगले पडतात." वडील वीजघराच्या पाळीवर, आईला अक्षरओळख बेताची. ताईने सांगितले तसे केले. १९६१ साली ती शालान्त परीक्षा अशा गुणांनी पास झाली, की सबंध वसाहतीत तिच्या नावाचे पेढे वाटले गेले. तिला डॉक्टर व्हायचे होते. वडील तिला घेऊन एका कॉलेजात गेले. मी बोट धरून बरोबर होतो. खिडकीतल्या कारकुनाने गुणपत्रिका पाहिली, तोंडभर कौतुक केले, आणि मग बोट ठेवून म्हणाला, "पण हिचं बीजगणित-भूमिती नाही. सायन्सला घेता येणार नाही."

वडील त्याला पुन्हापुन्हा गुणांचा आकडा दाखवत राहिले. इतके गुण असताना दार का उघडत नाही, हे त्यांना कळेना. तो कारकून बिचारा नियमाप्रमाणेच बोलत होता. गाडीत परत येताना ताई खिडकीशी बसली होती. कल्याण गेले, बदलापूर गेले, ती एक शब्द बोलली नाही. पुढे ती प्राथमिक शिक्षिका झाली, चांगली झाली, तिच्या हाताखालून शेकडो मुले गेली. पण शाळा संपवणे आणि पुढचे दार उघडणे ही दोन वेगळी खाती आहेत, एकात भरपूर जमा असली तरी दुसऱ्यात शून्य असू शकते, हे तिला तेराव्या वर्षी कुणी सांगितले असते, तर? असो.

तेराव्या वर्षी असा निर्णय मुलांवर लादू नये, हे पुढे जाणत्यांनाही पटले. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने काम केले. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूरकडचे. पहिली दहा वर्षे सर्वांना सारखे सर्वसाधारण शिक्षण असावे, फाटे त्यानंतर फुटावेत, असे आयोगाने सांगितले. त्यातूनच आपल्याकडे दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध आला आणि १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. ताईला आठवीत करावी लागलेली निवड नातीच्या वाट्याला दहावीनंतर आली, ती त्यामुळे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर कला, वाणिज्य, विज्ञान या भिंती पातळ करण्याचे ठरवले आहे. भिंती पातळ होवोत. पण प्रत्येक दारावरची पाटी मात्र वाचावीच लागेल.

मग त्या रात्री आम्ही पाटी वाचायला बसलो. कालनिर्णयाचे जुने पान उलटे घेतले आणि मी नातीला म्हटले, "नेहमी आपण खालून वर लिहितो, आज वरून खाली लिहू. आधी जिथं पोचायचं ते." तिने लिहिले: इंजिनिअरिंग. त्याखाली: बारावीला पदार्थविज्ञान आणि गणित हवेच, शिवाय प्रवेशपरीक्षा. शेजारी दुसरी ओळ: दहावीनंतर तीन वर्षांची पदविका, आणि तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. मग भावाच्या काळजीने, म्हणजे धाकट्याच्या, तिने इतरही ओळी लिहिल्या: वैद्यकीय हवे तर पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी, सनदी लेखापाल किंवा वकील व्हायचे तर बारावी कोणत्याही शाखेची चालते, बारावीला इंग्रजी सर्वांनाच सक्तीचे, गणित आणि जीवशास्त्र मात्र ऐच्छिक. "ऐच्छिक म्हणजे सोडलं तरी चालतं, असं नव्हे," मी म्हटले. "ऐच्छिक म्हणजे जबाबदारी तुझी." शेवटी एक ओळ मी माझ्या हाताने लिहिली: कॉलेज बोलेल त्यावर, मैत्रीण बोलेल त्यावर, आणि आजोबा बोलेल त्यावरही विसंबू नये, त्या वर्षीचे छापील नियम स्वतः वाचावेत. नियम बदलतात. २०२३ साली वैद्यकीय आयोगानेच सांगितले, की बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून पास झालेल्यालाही पात्र धरावे. ताईच्या वेळी अशी मागची वाट कुणी दाखवली असती तर!

"पण आजोबा, गणिताची मला भीती वाटते हो."

हे खरे कारण. टक्के वगैरे सारे निमित्त. मी म्हटले, "भीती हा विषय सोडण्याचं कारण नाही, शिकवणी लावण्याचं आहे. दोन महिने बघ. नाहीच जमलं, तर पदविका, जीवशास्त्र, वाणिज्य, सगळ्या वाटा या कागदावर आहेत. पण डोळे उघडे ठेवून जा; कुणी ढकललं म्हणून नको."

तिने गणित घेतले. जमते की नाही, ते बारावीला कळेल. आत्ताच पेढे वाटण्याची घाई मी करणार नाही.

अर्ज भरून झाल्यावर तिने ताईला फोन लावला. ऐंशी ओलांडलेली माझी ताई ऐकून म्हणाली, "पुढे काय काय अडेल ते विचारून घेतलंस ना गं?" आमच्या घरातल्या प्रत्येक मुलाला, मुलीला, तिने आजवर हाच प्रश्न विचारला आहे.

फोन ठेवल्यावर नात ओटीवर येऊन बसली. समोर अंधारात घाट, आणि त्यावरून उतरलेले नळ. मी तिला एक बातमी सांगितली: २०२३ साली झालेल्या करारानुसार आमच्या भिवपुरीला एक हजार मेगावॅटचा उदंचन प्रकल्प व्हायचा आहे, खाली आलेले पाणी पुन्हा वर चढवायचे आणि पुन्हा वीज करायची. "म्हणजे खाली आलेलं पाणी परत वर जातं?" तिने विचारले.

"जातं. पण त्याला फार जोर लावावा लागतो. म्हणून आधीच नीट पाहून सोडलेलं बरं."

ती हसली, आणि कालनिर्णयाचे ते पान घडी घालून गणिताच्या नव्या पुस्तकात ठेवायला आत गेली.