रुपे आणि रंग

दिवाळीच्या झाडलोटीत यंदाही आमच्या जुन्नरच्या घरातल्या जुन्या पेटीतून दोन फोटो निघाले. एक आजी-आजोबांचा, लग्नानंतर स्टुडिओत काढलेला, काळा-पांढरा. दुसरा रंगीत. तो माझ्या आजोळचा, आंबेगावचा. डिंभे धरणाचे पाणी चढण्यापूर्वी वडिलांनी काढलेला. घोड नदीकाठचे ते जुने गाव आता जलाशयाखाली आहे. गाव जाणारच, तर आईपाशी त्याची आठवण तरी रंगीत असावी, म्हणून वडिलांनी पदरमोड करून रंगीत रोल आणला होता. आज आजीच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत इतके स्पष्ट दिसतात. आंबेगावची हिरवी भातखाचरे मात्र विटकरी झाली आहेत.

याचे कारण रसायनात आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोत जे चित्र उमटते ते चांदीच्या बारीक कणांचे. १९३५ साली कोडाक्रोम फिल्म निघाली आणि पुढे रंगीत फिल्मांचे युग आले. त्यांत धुलाईच्या वेळी चांदी निघून जाते, तीन थरांतले रंग तेवढे उरतात. ऊन, उष्मा व दमट हवा यांनी ते विटतात. जुन्या फोटोंतला निळसर रंग पुष्कळदा आधी उडतो, म्हणून चित्र तांबूस दिसू लागते.

रंगाच्या मोहाने भलेभले पोळले आहेत. १९३३ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने 'सैरंध्री' रंगीत करायचे ठरवले. रंगीत प्रतींसाठी शांतारामबापू थेट जर्मनीला गेले. पण रंग मनासारखे उतरले नाहीत. प्रभात पुन्हा काळ्या-पांढऱ्याकडे वळली, आणि १९३६ चा 'संत तुकाराम' व १९३७ चा 'कुंकू' त्यातच घडले. पुढे १९५५ मध्ये 'झनक झनक पायल बाजे' रंगांत न्हाऊन निघाला. रंग असे हाती आल्यावरही १९५७ साली सहा कैद्यांची गोष्ट सांगताना बापूंनी 'दो आँखें बारह हाथ' काळा-पांढराच केला. १९७२ च्या 'पिंजरा'त मात्र त्यांनी तमाशा रंगीत दाखवला. आमच्या तालुक्यातल्या नारायणगावच्या राहुट्या पाहिलेल्या माणसाला त्याचे नवल वाटणार नाही. शालूची जर आणि गुलाल काळ्या-पांढऱ्यात कसा सांगावा?

मी मात्र वडिलांच्या त्या रोलला मनातल्या मनात दोष देत आलो. गेल्या महिन्यात आईचा फोटो काढायचा ठरला, तेव्हा टिकाऊ म्हणून मी काळी-पांढरी फिल्म भरली. आई ओसरीवर बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "अरे, लुगडं हिरवं आहे. कळेल का त्यात?"

मी गप्प झालो. वडिलांनी रंगीत रोल का आणला होता, ते तेव्हा उमगले. आईचे तीन फोटो काळ्या-पांढऱ्यात काढले. मग दुसऱ्या दिवशी रंगीत रोल भरून तिला पुन्हा तिथेच बसवले.