‘सर्वपक्षीय’ कुठून आले?

कोपरखैरणेचे सेक्टर पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत. त्या आखणीत मध्येच एक गाठ पडते. रस्ता अरुंद होतो, इमारती एकमेकींना खेटतात आणि समोरून टेम्पो आला की दुचाकी कुणाच्या तरी ओट्याला लावून थांबावे लागते. ते बोनकोडे. आगऱ्यांचे जुने गाव, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या कागदावर ‘प्रकल्पग्रस्त’. गावाच्या तोंडाशी फ्लेक्सची जागा सहसा रिकामी नसते. निवडणुकीगणिक फ्लेक्सचा रंग बदलतो, चेहरे बहुतेक तेच राहतात.

जून 2021 मध्ये इथल्या माणसांना रस्त्यावर बोलावले गेले तेव्हा मात्र हाक कुठल्या पक्षाची नव्हती. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटलांचे नाव द्या, असे सांगणाऱ्या संघटनेने स्वतःला ‘सर्वपक्षीय कृती समिती’ म्हणवले. मला कुतूहल या विशेषणाचे आहे. सरकारवर टीका करायची आणि आपण कुठल्या पक्षाचे हे बाहेर ठेवायचे, ही युक्ती आपल्याकडे आली कुठून?

बहुतेकजण संयुक्त महाराष्ट्र समितीकडे बोट दाखवतील. मी थोडा मागे जातो, कारण तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड जिल्हा जवळ आहे. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात 1933 साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायचे थांबवले. हा संप सहा वर्षे चालला. त्याला हात द्यायला डॉ. आंबेडकर आले, ते चरीलाही जाऊन आले. मग जानेवारी 1938 मध्ये खोती रद्द करा म्हणत कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्या मोर्चात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष होता आणि कम्युनिस्टही होते. एरवी या दोघांचे जमत नसे. सरकार बाळासाहेब खेरांच्या काँग्रेसचे होते, सभागृहात विरोधकांचे संख्याबळ तोकडे, म्हणून भांडण रस्त्यावर आणले. जे विधिमंडळात जमत नाही ते फुटपाथवर जमते, हे कोकणाला तेव्हाच कळले असावे.

6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एका टेबलाशी बसले, सरचिटणीस एस. एम. जोशी. त्याच वर्षी नोव्हेंबरात आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ निघाला, आणि काँग्रेस सरकारवर जी टीका झाली तिला सौम्य म्हणायची कुणाची हिंमत नाही. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. त्याच निवडणुकीत पनवेलहून शेकापचा एक तरुण वकील विधानसभेत गेला. दिनकर बाळू पाटील, म्हणजेच दि. बा. मागणी मान्य होऊन 1 मे 1960 ला राज्य आले आणि समितीतले पक्ष लवकरच आपापल्या घरी गेले. ‘सर्वपक्षीय’ची ही पहिली अट असावी: मागणी एकच ठेवायची, ती मिळाली की पांगायचे.

दि. बा. मात्र पांगले नाहीत. 17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या, आणि विधानसभेत विरोधी पक्षनेते झालेले दि. बा. या गावांचे वकील बनले. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण तालुक्यात पोलिसांनी गोळीबार केला, पाच शेतकरी मारले गेले. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते. जासईला त्यांच्या स्मरणार्थ आजही जानेवारीत लोक जमतात.

या पाच बळींतून जे निघाले त्याला इथे नुसते ‘साडेबारा टक्के’ म्हणतात. शब्द इतका रुळलाय की लग्नाच्या बोलणीतही येतो. 1990 साली शरद पवार मुख्यमंत्री असताना निर्णय झाला: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. त्यातून पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले जातात, हातात राहतात पावणेनऊ. एकराचा हिशेब करा. चाळीस गुंठे गेले, साडेतीन परत आले. त्या साडेतीन गुंठ्यांचा भाव पुढे काय झाला हे बिल्डर सांगतील, आणि वारसांची भांडणे कोर्ट सांगेल. वाढत्या कुटुंबांनी गावठाणाभोवती ‘गरजेपोटी’ बांधलेली घरे नियमित करण्याचा प्रश्न तर त्यानंतरच्या प्रत्येक जाहीरनाम्यात आहे.

दि. बां.चे नाव आता सगळे पक्ष घेतात, पण त्यांनी स्वतः उत्तरायुष्यात, 1999 मध्ये, शिवसेनेत प्रवेश केला होता हे फारसे कुणी काढत नाही. त्याच वर्षी उलट्या दिशेने एक माणूस सेनेतून बाहेर पडला. बोनकोड्याचे गणेश नाईक. युती सरकारातले मंत्रिपद भूषवून झाले होते. पुढे ते राष्ट्रवादीत गेले, 2004 ला निवडून आले, पुन्हा मंत्री झाले, 2019 मध्ये भाजपमध्ये गेले. यात मला नवल वाटत नाही. ज्या गावाचे प्रत्येक काम मंत्रालय किंवा सिडको भवनातून जाते, तिथला पुढारी विरोधात फार काळ बसला तर लोकच त्याला विचारत नाहीत.

म्हणून 2021 चे दृश्य नीट पाहावे. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे, नगरविकास मंत्री एकनाथ शिंदे. सिडकोने विमानतळाला बाळासाहेब ठाकऱ्यांचे नाव देण्याचा ठराव केला. 10 जूनला मानवी साखळी झाली, आणि 24 जूनला, दि. बां.च्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनाला घेराव. करोनाचे दिवस, नाकातोंडावर मास्क, ठाणे-रायगडातले भूमिपुत्र. मंचावर भाजपचे आमदार होते, शेकापचेही लोक होते. ‘सर्वपक्षीय’ हा शब्द बराच खरा होता, पण सोय भाजपची होती. पक्षाचा झेंडा न दाखवता ठाकरे सरकारला घेरायला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

पुढची वर्षभराची गंमत तारखांतच आहे. 29 जून 2022 ला ठाकरे सरकारच्या शेवटच्या बैठकीत दि. बां.च्या नावाला मंजुरी मिळाली. त्याच रात्री राजीनामा. 16 जुलैला शिंदे-फडणवीस सरकारने तोच निर्णय पुन्हा घेतला. वर्षापूर्वी ज्याच्या खात्याने दुसरे नाव पुढे केले, तो मंत्री आता मुख्यमंत्री होता. विधिमंडळानेही ठराव केला आणि प्रस्ताव दिल्लीला गेला.

अशा समित्या आपल्याकडेच का लागतात, हे अमेरिकेशी ताडून पाहा. तिथला विरोधी पक्ष असे वेगळे फलक लावत नाही, कारण त्याला लावावे लागत नाहीत. तिथे सिनेटमध्ये बहुतेक कायद्यांवरची चर्चा संपवायला 60 मते लागतात, त्यामुळे अल्पमतातला पक्ष आत बसूनच गाडा अडवतो. 2013 मध्ये ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यावरून रिपब्लिकनांनी सरकार 16 दिवस बंद पाडले. 2025 मध्ये आरोग्यविम्याच्याच सवलतींवरून डेमोक्रॅट अडून बसले आणि ट्रम्प सरकार 43 दिवस ठप्प राहिले. बाजू बदलल्या, विषय तोच. आपल्याकडे बहुमतापुढे विरोधकाला सभात्याग उरतो आणि मग पायऱ्यांवर बसून घोषणा. म्हणून समित्या निघतात.

2024 मध्ये तर बोनकोड्याच्या नाईकांच्या घरातच सत्ता आणि विरोध दोन्ही होते. वडील ऐरोलीतून भाजपचे उमेदवार, मुलगा संदीप बेलापुरात शरद पवारांच्या पक्षाकडून भाजपच्या मंदा म्हात्रेंविरुद्ध. वडील जिंकून वनमंत्री झाले, मुलगा 377 मतांनी हरला. त्यानंतर वनमंत्र्यांनी ठाण्यात, मित्रपक्षाच्या म्हणजे शिंदेंच्या बालेकिल्ल्यात, जनता दरबार भरवले. विरोधकांना काम उरले कुठे?

थोडे उरले होते. सप्टेंबर 2025 मध्ये भिवंडीचे खासदार सुरेश म्हात्रे, पवारांच्याच पक्षाचे, गाड्यांचा ताफा घेऊन विमानतळाकडे निघाले. मागणी दि. बां.च्या नावाचीच. चार वर्षांपूर्वी हीच मागणी घेऊन घेराव घालणारे भाजपचे आमदार आता सरकार पक्षात होते आणि लोकांना धीर धरायला सांगत होते. पंतप्रधानांनी 8 ऑक्टोबरला उद्घाटन केले, भाषणात दि. बां.चे स्मरणही केले. 25 डिसेंबर 2025 ला प्रवासी विमाने सुरू झाली. त्या दिवशीच्या तिकिटावरचे नाव होते नुसते ‘नवी मुंबई’.