बालचित्रवाणी बंद झाली, ती बातमी मी चार ओळींत लावली होती

परवा बातमीसाठी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. मधल्या सुट्टीत दुसरीतली दोन पोरं भांडत होती, चक्क हिंदीत. दोघांच्याही घरी हिंदी बोलणारं कोणी नाही. गुरुजी हसून म्हणाले, "कार्टूनची हिंदी आहे साहेब ही!"

मीही हसलो. पण परत येताना गाडीवर बालचित्रवाणी आठवत राहिली.

चाळिशी ओलांडलेल्यांना ती माहीत आहे. तरुण मित्रांसाठी थोडं सांगतो.

मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं. मुलांसाठी त्यावर 'किलबिल' असायचं. पुढे १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला. त्यावरून शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम दाखवायचे ठरले आणि महाराष्ट्रासह सहा राज्यांत त्यासाठी संस्था उभ्या राहिल्या. आपली पुण्यात, १९८४ मध्ये. तीच बालचित्रवाणी.

आमच्या आळीत तेव्हा एकच टीव्ही. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा. आठ-दहा पोरं काकूंच्या घरात दाटीवाटीने बसायचो. मुंग्या आल्या की एकाने पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा, बाकीच्यांनी खालून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" कार्यक्रम तसे साधेच. कधी विज्ञानाचा प्रयोग, कधी गाणं, कधी गोष्ट. पण समोरचा माणूस आपल्या भाषेत बोलायचा आणि त्याला आम्हाला काही विकायचं नव्हतं.

नंतरचं सगळं वाईट, असं मी म्हणणार नाही. १९९३ मध्ये रविवारी सकाळी मोगली यायचा तेव्हा रस्ते ओस पडायचे. तो जपानमध्ये तयार झालाय हे आम्हाला कुठे माहीत होतं? १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आलं, १९९७ मध्ये शक्तिमान. २००८ मध्ये हैदराबादच्या कंपनीचा छोटा भीम आला आणि आपल्या मातीतला हिरो मिळाला म्हणून बरंच वाटलं. मात्र तोवर हिशेब बदलला होता. पोर गिऱ्हाईक झालं होतं. दप्तरावर भीम, डब्यावर भीम, कंपासपेटीवर भीम. जो खर्च करेल, तो पोरांशी बोलेल. आणि मोठा बाजार हिंदीचा.

अशा वेळी सरकारी संस्था टिकायला हवी होती. झालं उलटंच. केंद्राचं अनुदान थांबलं, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७ मध्ये राज्य सरकारने बालचित्रवाणीला टाळं लावलं.

मग तीनच वर्षांनी कोरोना आला. शाळा बंद. गावाकडे मुलांच्या हातात फोन नाही, असला तर रेंज नाही. तेव्हा काय आठवलं? टीव्ही! जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली, पहिली ते आठवीसाठी. ती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने तयार केली होती. चांगलं काम झालं. पण ज्या कामासाठी राज्याकडे तेहतीस वर्षं स्वतःची संस्था होती, ती आपण नुकतीच मोडली होती.

आज पोरगं एकटंच फोन घेऊन कोपऱ्यात बसतं. पुढचं काय बघायचं ते फोनच ठरवतो. काही वाहिन्यांवर आता मराठी आवाज मिळतो, पण गोष्ट बहुतेक वेळा दुसरीकडचीच, आपण फक्त डबिंग करायचं.

मराठी शाळा वाचवा म्हणून आपण निवेदनं देतो, मीही त्याच्या बातम्या करतो. पण पोर पहिलीत जाण्याआधीच दोन-तीन वर्षं पडद्यासमोर बसलेलं असतं. तिथे त्याच्याशी मराठीत कोण बोलतंय?

२०१७ ची ती बातमी माझ्याच टेबलावर आली होती. आतल्या पानात, चार ओळींत लावली. दुसऱ्या दिवशी एकाही वाचकाचा फोन आला नाही. खरं सांगायचं तर, मलाही तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.