हे पान उघडत नाही

मंडळी, परभणी जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. विमान गाठायचं तर नांदेड, नाहीतर छत्रपती संभाजीनगर, आणि साता समुद्रापार जायचं तर थेट मुंबई किंवा हैदराबाद. तेव्हा विमानतळाच्या लाउंजमधल्या वायफायवर कोणत्या वेबसाइट्स बंद असतात, या विषयावर परभणीच्या माणसाने लिहावं म्हणजे जरा आगाऊपणाच. पण आपल्या घरोघरची पोरं आता पुण्या-बंगलोरला आणि त्याच्याही पलीकडे आहेत. ती येता-जाता विमानतळावर बसतात, तिथून आपल्याला फोन करतात, आणि असे विषय आपोआप घरात येतात.

माझी पुतणी गेल्या वर्षी परदेशातून आली. पुढच्या विमानाला पाच तास होते, म्हणून लाउंजमध्ये बसली. (कोणतं विमानतळ ते जाऊ द्या.) वायफायने आधी भारतातला मोबाइल नंबर मागितला. तो तिच्याकडे नव्हता. काउंटरवर पासपोर्ट दाखवून शेवटी एकदाचं नेट मिळालं. मग तिने माझा हुरड्यावरचा लेख उघडायचा प्रयत्न केला, तर तो काही केल्या उघडेना. तिचा मेसेज आला, "काका, तुमचा लेख उघडत नाहीये, इथलं नेट खराब दिसतंय." पण बाकी सगळं व्यवस्थित चालू होतं! बातम्या दिसत होत्या, बँकेचं काम झालं होतं, आईशी व्हिडिओवर बोलणंही झालं होतं. बंद होता तो फक्त काकाचा हुरडा.

आता हुरड्यात देशविघातक काय असतं, असं कोणीही विचारेल. पण मला त्याहून दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटलं. तिला ही बंदी वाटलीच नाही. तिला तो बिघाड वाटला. त्यावरून थोडं वाचत गेलो, आणि वाचता वाचता मुंबई, डेन्व्हर, मेघालय करत करत शेवटी आपल्याच निजामशाहीत येऊन पोचलो. ते सगळं इथे मांडतो.

आधी मोबाइल नंबरचं. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या जरासं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तपासात दिसलं, की तो नवी मुंबईतल्या एका घरच्या, पासवर्ड नसलेल्या वायफायवरून गेला. पुढच्या दोन महिन्यांत असेच आणखी ईमेल मुंबईतल्या दुसऱ्यांच्या वायफायवरून गेले. त्यानंतर २३ फेब्रुवारी २००९ ला दूरसंचार विभागाने सूचना काढल्या, की सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे, एकतर ओळखपत्राची प्रत घेऊन किंवा मोबाइलवर एसएमएस पाठवून. आज विमानतळावर, स्टेशनवर, कॉफीच्या दुकानात आपण जो ओटीपी टाकतो त्याचं मूळ हे आहे. यामागे खरं कारण होतं, हे मान्यच करायला हवं. आणि हा नियम निदान उघड आहे. नंबर मागतात, आपण देतो, कशासाठी ते माहीत असतं.

पान न उघडण्याचा प्रकार वेगळा. त्यात दोन चाळण्या असतात. पहिली सरकारची. सरकारचा किंवा कोर्टाचा आदेश निघतो, तो इंटरनेट पुरवणाऱ्या सगळ्या कंपन्यांकडे जातो, आणि मग ती साइट देशभर कुठेच दिसत नाही, घरी नाही की लाउंजमध्येही नाही. दुसरी चाळणी जागेच्या मालकाची. ती फिल्टर बनवणाऱ्या कंपनीकडून विकत घेतलेली असते. त्या कंपनीने जगातल्या साइट्सचे गट पाडून ठेवलेले असतात: जुगार, अश्लील, हिंसा, खेळ, गप्पाटप्पा, खासगी ब्लॉग. मालकाचा माणूस यादी बघतो आणि नको त्या गटांवर खुणा करतो. गटात कोण कोण आहे हे तो बघत नाही, बघूही शकत नाही. "खासगी ब्लॉग"वर खूण झाली, की हुरडा गेला.

हे काही आपल्याकडचंच खूळ नाही. अमेरिकेत डेन्व्हरच्या विमानतळाने २००७ च्या अखेरीस वायफाय फुकट केलं आणि त्यावर असाच फिल्टर बसवला. थोड्याच दिवसांत प्रवाशांच्या लक्षात आलं, की 'व्हॅनिटी फेअर' या मासिकाची साइट उघडत नाही आणि 'बोइंग बोइंग' हा तेव्हाचा गाजलेला ब्लॉगही नाही. गंमत म्हणजे तेच मासिक छापील रूपात विमानतळावरच्या दुकानांत मिळतं. कागदावर चालतं ते पडद्यावर चालत नाही!

सरकारी चाळणीची गोष्ट आपल्याकडे याहून जुनी आहे. १९९९ साली कारगिलच्या युद्धात पाकिस्तानातल्या 'डॉन' या वर्तमानपत्राची साइट विदेश संचार निगमने बंद केली. २००३ च्या सप्टेंबरात मेघालयातल्या एका बंदी घातलेल्या संघटनेशी संबंधित, मोजून वीस-पंचवीस सदस्यांचा याहू ग्रुप बंद करायचा आदेश निघाला. एक ग्रुप वेगळा काढून बंद करणं कंपन्यांना जमेना, म्हणून त्यांनी सगळे याहू ग्रुपच बंद करून टाकले. उंदीर घरात शिरला म्हणून घराला कुलूप, त्यातला प्रकार.

आणि २००६. आपल्यापैकी जे तेव्हापासून लिहितात त्यांना हे नक्की आठवत असेल. ११ जुलैला मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले. १३ जुलैला दूरसंचार विभागाचा आदेश निघाला, त्यात जेमतेम दीड डझन पत्ते होते. कंपन्यांनी ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड आणि जिओसिटीज सरसकट बंद केलं. मराठीतले बरेच ब्लॉग तेव्हा ब्लॉगस्पॉटवरच होते. माणसं आपलाच ब्लॉग लिहू शकत होती, पण वाचू शकत नव्हती. यातून वाट कोणी दाखवली? पाकिस्तानने! त्याच वर्षी काही महिने आधी पाकिस्तानातही ब्लॉगस्पॉट बंद झालं होतं, तेव्हा तिथल्या ब्लॉगरांनी 'पीकेब्लॉग्ज' नावाची आडवाट काढली होती. आपले लोक त्याच आडवाटेने आपापले ब्लॉग वाचू लागले. बोंबाबोंब झाली, वर्तमानपत्रांत आलं, आणि मग विभागाने कंपन्यांना बजावलं, की सांगितलेली पानंच बंद करा, सगळं नाही.

पुढे २०१४ च्या डिसेंबरातही तेच. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून मुंबईच्या कोर्टाने दिलेला आदेश, ३२ साइट्स, आणि त्यात चक्क गिटहब आणि इंटरनेट अर्काइव्ह! म्हणजे एक प्रोग्रॅमर लोकांची कामाची जागा आणि दुसरी जगभरच्या जुन्या पुस्तकांची कोठी.

आता जरा मागे जाऊ, कारण "वाचू द्यायचं नाही" हा प्रकार आपल्या मराठवाड्याला इंटरनेटने शिकवलेला नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी हा हैदराबाद संस्थानातला जिल्हा. सभा भरवायची तर परवानगी लागे. त्या फर्मानाचं नावच लोकांच्या तोंडी बसलं होतं, 'गश्ती निशाण त्रेपन्न'. मग संस्थानातल्या लोकांनी काय केलं? हैदराबाद राजकीय परिषद संस्थानाबाहेर भरवली. १९२३ ला काकीनाडा, १९२६ ला मुंबई, १९२८ ला पुणे, १९३१ ला अकोला. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन मात्र १९३७ साली संस्थानातच, परतूरला झालं. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. दुसऱ्याच वर्षी, १९३८ ला, हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तीही ती रीतसर स्थापन होण्याच्या आधीच.

त्याच १९३८ साली आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे साप्ताहिक काढलं. नाव मराठवाडा, पण निघायचं पुण्याहून, कारण संस्थानात ते निघणं शक्यच नव्हतं. निजाम सरकारने त्याला संस्थानात यायला बंदी केली. वाघमाऱ्यांनी नाव बदललं आणि पुन्हा काढलं. त्यावर बंदी आली, पुन्हा नवं नाव. असं एकदा-दोनदा नाही, अनेकदा झालं. आजच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर संस्थानाबाहेर, आणि एक पत्ता बंद झाला की दुसरा सुरू. पीकेब्लॉग्जने २००६ ला जे केलं ते वाघमारे अडुसष्ट वर्षं आधी करत होते, फक्त छापखान्याच्या खिळ्यांनी.

निजामाची राजवट आणि आजचं लोकशाही राज्य यांना एकाच तराजूत घालायचा माझा मुळीच विचार नाही. आज कोर्ट आहे, निवडणूक आहे, मी हे लिहू शकतोय. पण एका बाबतीत जुनी बंदी बरी होती असं म्हणावंसं वाटतं. ती दिसत होती. 'मराठवाडा' येत नाही म्हटल्यावर पाथरीच्या किंवा सेलूच्या वाचकाला "टपाल खराब दिसतंय" असं वाटायचं कारण नव्हतं. कोणी अडवलंय हे ठाऊक होतं. आणि ठाऊक होतं म्हणूनच नवं नाव घ्यावं, नवी वाट काढावी हे सुचलं.

आजची बंदी बिघाडाच्या वेशात येते. यालाही तांत्रिक कारण आहे. आता बहुतेक साइट्स कुलूपबंद असतात, म्हणजे पत्त्याआधी 'एचटीटीपीएस' असतं. अशा साइटवर फिल्टरला मध्येच "ही साइट अमुक कारणाने बंद आहे" अशी पाटी सहजासहजी लावता येत नाही. तो फक्त जोडणी तोडतो. आपल्याला दिसतं ते गोल गोल फिरणारं चक्र, आणि मग "कनेक्शन होऊ शकलं नाही". आपण वायफायला शिव्या देतो आणि पुढे जातो.

कायदाही या झाकपाकीत भर घालतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६९-अ आणि त्याखालचे २००९ चे नियम यांनुसार सरकार साइट बंद करू शकतं. त्या नियमांतला सोळावा नियम सांगतो, की तक्रार आणि कारवाई गुप्त ठेवायची. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६-अ रद्द केलं (पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली होती, तेच कलम), पण ६९-अ कायम ठेवलं. कारण त्यात कारणं लेखी नोंदवायची अट आहे आणि त्या आदेशाला कोर्टात आव्हान देता येतं. ठीक. पण कारण कागदावर लिहून कागद कपाटात ठेवला, तर आव्हान द्यायचं कशाला? एका पत्रकाराने हुंड्याची टिंगल करणारी साइट काढली होती. ती २०१८ मध्ये बंद झाली. बंदीच्या आदेशाची प्रत त्याला द्या, हे सांगायला दिल्ली उच्च न्यायालयाला २०२२ साल उजाडलं. आणि लाउंजच्या मालकाच्या चाळणीला तर एवढंही बंधन नाही. तिथे आदेशच नसतो, नुसती एक खूण असते.

कोणी म्हणेल, लाउंजमध्ये बसणाऱ्यांची कसली आली अडचण? खरं आहे. माझ्या पुतणीने दुसऱ्या दिवशी घरी येऊन लेख वाचला. लाउंजवाल्याच्या खिशात दुसरं नेट असतं. पण सार्वजनिक वायफाय म्हणजे फक्त लाउंज नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून रेल्वे स्टेशनांवर फुकट वायफाय सुरू झालं, ते आता सहा हजारांहून जास्त स्टेशनांवर गेलंय. पहिला अर्धा तास फुकट. केरळात एर्नाकुलम स्टेशनवरच्या एका हमालाने याच वायफायवर अभ्यास करून २०१८ मध्ये तिथल्या लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास केली, ही बातमी तुम्ही वाचली असेल. आपल्याकडे पूर्णा जंक्शनच्या बाकावर स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेऊन बसलेला पोरगा डोळ्यांसमोर आणा. त्याचं पान उघडलं नाही, तर तो दुसरं नेट कुठून आणणार? आणि पान का उघडलं नाही हेच त्याला कळलं नाही, तर तो विचारणार तरी कोणाला?

सगळ्या चाळण्या काढून टाका असं माझं म्हणणं नाही. स्टेशनवर लहान मुलं असतात, फसवणुकीच्या साइट्स असतात, काही बंद असलेलंच बरं. माझी मागणी फार छोटी आहे. जे बंद केलंय ते "बंद केलंय" असं सांगा. इंटरनेटच्या नियमकर्त्यांनी यासाठी २०१६ मध्ये एक वेगळा क्रमांकही ठरवून दिलाय. पान सापडलं नाही तर ४०४, आणि कायद्याने अडवलं असेल तर ४५१. (हा आकडा रे ब्रॅडबरीच्या पुस्तकं जाळण्यावरच्या कादंबरीच्या नावातून घेतलाय.) आणि कुलूपबंद साइटवर पाटी लावता येत नसली, तरी ओटीपी टाकायचं जे पान असतं तिथे चार ओळी लिहायला कोणती अडचण आहे? या वायफायवर अमुक अमुक गट बंद आहेत, ते आम्ही बंद केलेत, काही चुकून अडकलं असेल तर या नंबरवर कळवा. बस्स.

माझ्या पुतणीला तेवढं दिसलं असतं, तर तिने नेटला नावं ठेवली नसती. तिने काउंटरवर जाऊन विचारलं असतं, "हुरड्याचं काय चुकलं?" या प्रश्नाचं उत्तर तिथल्या माणसाकडे नसतंच. पण प्रश्न तरी योग्य दारात गेला असता.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी स्टेशनवर किंवा विमानतळावर एखादं पान अडलं आणि बाकी सगळं चालू असलं, तर लगेच नेटला दोष देऊ नका. तेच पान आपल्या मोबाइलच्या नेटवर उघडून बघा. उघडलं तर समजा, की मधे कोणीतरी उभं आहे. मग जाऊन विचारा, कोण ते.