संगणकशास्त्रातील पीएच.डी. आणि विषयव्याप्तीची अट : एक ऐतिहासिक विवेचन

पीएच.डी.साठी नोंदणी झालेल्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधविषयापलीकडे किती विषयांचे अध्ययन करावे, हा प्रश्न संशोधन केंद्रांतून बहुधा प्रशासकीय प्रश्न म्हणूनच हाताळला जातो. हजेरी, श्रेयांक, उत्तीर्णतेचे गुण एवढ्यापुरती त्याची चर्चा होते. संगणकशास्त्राच्या बाबतीत मात्र या प्रश्नाला स्वतंत्र इतिहास आहे आणि तो या ज्ञानशाखेच्या जन्माशी निगडित आहे.

अमेरिकेतील पहिला संगणकशास्त्र विभाग परड्यू विद्यापीठात १९६२ मध्ये स्थापन झाला. स्टॅनफर्ड व कार्नेगी या संस्थांतील विभाग १९६५ चे. त्या विभागांची उभारणी करणाऱ्यांपैकी कोणाचेही शिक्षण संगणकशास्त्रात झालेले नव्हते. होणे शक्यही नव्हते. स्टॅनफर्डचे जॉर्ज फोर्सिथ आणि कार्नेगीचे ॲलन पर्लिस हे गणितज्ञ होते. पर्लिस यांचे सहकारी हर्बर्ट सायमन यांची डॉक्टरेट राज्यशास्त्रातील होती. विद्यार्थ्यांचीही हीच स्थिती होती. संगणकशास्त्रातील अमेरिकेतील पहिल्या डॉक्टरेटपैकी एक १९६५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात मेरी केनेथ केलर या धर्मभगिनीस मिळाली. त्यांच्या आधीच्या पदव्या गणित व भौतिकशास्त्रातील होत्या. संगणकशास्त्र नावाचे शास्त्र मुळात अस्तित्वात असू शकते काय, अशी शंका तेव्हा उघडपणे घेतली जाई. तिचे उत्तर देण्यासाठी नेवेल, पर्लिस व सायमन यांना १९६७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात पत्र लिहावे लागले.

अशा परिस्थितीत विषयव्याप्तीची अट ही केवळ विद्यार्थ्याची परीक्षा नव्हती. संगणकशास्त्रज्ञ म्हणवून घेणाऱ्यास काय काय ठाऊक असलेच पाहिजे, हे ठरविताना प्रत्येक विभाग आपल्या शास्त्राची सीमा आखत होता. एसीएम या संघटनेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासक्रमाने विषयाची माहितीरचना व प्रक्रिया, माहिती-प्रक्रिया प्रणाली आणि कार्यपद्धती अशी विभागणी केली. स्टॅनफर्डची सर्वंकष परीक्षा हे या विचाराचे ठळक उदाहरण होय. अल्गोरिदमचे विश्लेषण, कृत्रिम बुद्धिमत्ता, संगणकाची रचना, कंपायलर, तर्कशास्त्र, संख्यात्मक विश्लेषण अशा परस्परांपासून दूर असलेल्या क्षेत्रांत तेथील संशोधक विद्यार्थ्याला आपली समज सिद्ध करावी लागे. कार्नेगी मेलनमध्ये नवागतांसाठी असलेल्या प्रास्ताविक वर्गाला 'इमिग्रेशन कोर्स' म्हणत. परक्या प्रांतातून येणाऱ्यांचे हे शास्त्र आहे, याची जाणीव त्या नावातच दिसते. पुढे या संस्थेत अल्गोरिदम, कृत्रिम बुद्धिमत्ता, संगणक प्रणाली, प्रोग्रामिंग भाषा आणि सॉफ्टवेअर प्रणाली या पाच क्षेत्रांतील अभ्यासक्रम आवश्यक ठरले.

कालांतराने पदवीस्तरावरच संगणकशास्त्र शिकून आलेले विद्यार्थी डॉक्टरेटकडे वळू लागले, तेव्हा या अटीचे मूळ कारण क्षीण झाले. तरीही ती रद्द झाली नाही. स्टॅनफर्डमध्ये परीक्षांची जागा निवडक अभ्यासक्रमांनी घेतली, एवढाच बदल झाला. संशोधनाला लागणारा वेळ यात जातो ही तक्रार जुनी आहे, आणि ती निराधारही नाही.

भारतात प्रारंभीची पिढी अशीच इतर शास्त्रांतून आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्या कार्याचे नेतृत्व करणारे आर. नरसिंहन यांची डॉक्टरेट गणितातील होती. कानपूरच्या आयआयटीत अमेरिकी साहाय्याबरोबर कोर्सवर्कची प्रथाही आली. राज्य विद्यापीठांत मात्र ब्रिटिश वळणाची, मार्गदर्शक व प्रबंध यांवर उभी असलेली पद्धत दीर्घकाळ चालू राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २००९ च्या विनियमाने किमान एका सत्राचे कोर्सवर्क सर्वांना बंधनकारक केले. त्यात संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम अनिवार्य होता. संख्यात्मक पद्धती व संगणकाचे उपयोजन यांचा त्यात समावेश करता येत असे.

येथे एक विसंगती निर्माण झाली. मराठी, वाणिज्य वा प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला संगणकाचे उपयोजन शिकविणे उपयुक्तच होते. परंतु सर्व विद्याशाखांसाठी एकच साचा वापरला गेला, तेथे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही तेच शिकावे लागले. विनियमाचा उद्देश पदवीचा दर्जा सावरण्याचा होता, ज्ञानशाखेची सीमा आखण्याचा नव्हता. त्यामुळे अमेरिकेतील कोर्सवर्कचा सांगाडा आला, पण ज्या गरजेतून तो तेथे घडला होता ती गरज मागे राहिली. महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही. येथे डॉक्टरेट मिळविणारी व्यक्ती बहुतेकदा महाविद्यालयात अध्यापन करते आणि तीन-चार शिक्षकांच्या विभागात तिला ऑटोमाटा, कार्यप्रणाली, डेटाबेस, नेटवर्क यांपैकी काहीही शिकवावे लागते. व्याप्तीची खरी गरज अशा विभागालाच अधिक असते. आणि पाच क्षेत्रांतील प्रगत अभ्यासक्रम चालविण्याइतके मनुष्यबळ नेमके त्याच विभागाकडे नसते.

२०१६ च्या विनियमाने कोर्सवर्कसाठी ८ ते १६ श्रेयांकांची मर्यादा घातली. २०२२ च्या विनियमाने एम.फिल. बंद केली आणि पीएच.डी.च्या कोर्सवर्कसाठी किमान १२ श्रेयांक निश्चित केले. त्यांपैकी २ संशोधन व प्रकाशन नीतिशास्त्राला जातात. संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम वेगळा. जे उरतात त्यांत कार्नेगीची पाच क्षेत्रे बसणार नाहीत, एखाद-दुसरे बसू शकेल. प्रतिमा-संस्करणावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्या जागी अल्गोरिदम वा कार्यप्रणाली शिकवावी, की प्रतिमा-संस्करणाचाच आणखी एक पेपर द्यावा, याचा निर्णय विद्यापीठे आणि त्यांच्या संशोधन केंद्रांकडेच राहतो.